आधी हॉल मोजा

आमचा हॉल दहा बाय बारा. त्यातून सोफा-कम-बेडचे अडीच फूट वजा करा, शोकेसचा दीड फूट वजा करा, दारामागे उभं केलेलं इस्त्रीचं टेबल आणि त्याच्या आडोशाला ठेवलेला गॅसचा जादा सिलिंडर वजा करा. उरलेल्या जागेत एक माणूस पाटावर बसून ओवाळून घेऊ शकतो. ओवाळणारीने मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहायचं. डोंबिवलीत याला ‘ऐसपैस हॉल’ म्हणतात. एजंट तो दाखवताना दार पुरतं उघडत नाही, कारण ते शोकेसला लागतं.

माप आधीच सांगून टाकलं, कारण निन्टेन्डोचा वी, सोनीचा मूव्ह आणि मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट या तिघांची तुलना करणारं जे काही मी आजवर वाचलं, त्यात हॉलचं माप कुणीच विचारलेलं नाही. तक्ते मात्र भरपूर. अचूकता किती, प्रतिसाद किती मिलिसेकंदांत, मनगट वळलेलं कळतं की नाही, अमक्याला दहापैकी नऊ, तमक्याला साडेसहा. मोशन कंट्रोल म्हणजे हातपाय हलवून खेळायचा खेळ. ते हातपाय हलवायचे कुठे, हा प्रश्न या परीक्षकांना पडत नाही, कारण त्यांच्या घराखाली बेसमेंट असतं. आमच्या घराखाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकू असतात.

मी या तिघांची तुलना एकाच कसोटीवर करणार आहे. कुणी किती घर मागितलं? बाकीचे गुण ज्याचे त्याने वाटून घ्यावेत.

वी आमच्याकडे २००८ च्या मे महिन्यात मामेभावाच्या बॅगेतून आला, न्यू जर्सीतल्या एडिसनहून. अमेरिकेतला त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या भिंतीतून २३० येतात, हे त्या अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी इंजिनिअर असल्यामुळे ते वाचलं नाही. फट् असा आवाज आला, जळका वास आला आणि मामेभाऊ म्हणाला, “इट्स ओके.” पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून दुसरा अडॅप्टर आणि दोन किलोचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. गेम चालू असेपर्यंत तो पिठाच्या गिरणीसारखा घुमायचा. डिस्कही अमेरिकेतल्याच लागायच्या. दुसऱ्या मुलखातली डिस्क ते यंत्र तोंडात घ्यायचं आणि परत काढून द्यायचं.

या वीबरोबर टीव्हीवर ठेवायची एक काळी पट्टी यायची. तिचं नाव सेन्सर बार. तिच्यात सेन्सर औषधालाही नाही. दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकणारे दिवे असतात, बस. बघणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात असतो. त्याला समोर उजेडाचे दोन ठिपके दिसले की तो स्वतः कुठे रोखलेला आहे याचा हिशेब करतो. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. माळ्यावरच्या उंदराने बारची वायर कुरतडली तेव्हा कळलं. इंटरनेटवर एकाने लिहिलं होतं की दोन मेणबत्त्या लावल्या तरी चालतं, कारण ज्योतीतही इन्फ्रारेड असतोच. घरात मेणबत्त्या नव्हत्या. भारनियमनाचे दिवस, सगळ्या वितळून संपलेल्या. देवघरात निरांजनं होती.

आमचा टीव्ही तेव्हा पाठीला भलंमोठं पोट असलेला एकवीस इंची होता. त्याच्या माथ्यावर वीतभर अंतर ठेवून दोन निरांजनं लावली, रिमोट रोखला, आणि पडद्यावरचा हात गपकन जागेवर आला. पंखा चालू असला की ज्योत हलायची आणि पडद्यावरचा हात म्हाताऱ्यासारखा कापायचा, म्हणून मे महिन्यात पंखा बंद करून आम्ही बोलिंग खेळलो. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “देवापुढची निरांजनं त्या डबड्यापुढे लावलीस? आता आरतीही म्हण.”

सप्टेंबरात गणपती आले. मखर बसवायची एकच जागा, टीव्हीशेजारी. मखराला जुन्या छोट्या बल्बांची माळ होती आणि त्या बल्बांतही इन्फ्रारेड ठासून भरलेला. पाच दिवस पडद्यावरचा हात काही केल्या स्थिर होईना; त्याला सारखं बाप्पाकडे जायचं होतं. यावर आईने काही म्हटलं नाही. नुसती हसली.

आता मुख्य आरोप. वी लबाड आहे असं म्हणतात आणि ते शंभर टक्के खरं आहे. पहिल्या रिमोटमधल्या सेन्सरला हिसका कळायचा, हात नेमका कुठे आहे ते कळायचं नाही. टेनिसमध्ये पडद्यावरचा खेळाडू आपला आपण धावतो. आपण फक्त कधी मारायचं ते सांगायचं. माझे वडील तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी ते पाय फाकवून, गुडघे वाकवून, अगदी रामनाथन कृष्णनच्या थाटात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसले. तिसऱ्या दिवशी सोफा-कम-बेडवर आडवे, डोक्याखाली लोड, आणि हातातला रिमोट माशी हाकलल्यासारखा उडवत त्यांनी मला सरळ हरवलं. मामेभाऊ चिडला. म्हणाला, काका, हे चीटिंग आहे. बाबा म्हणाले, “तीस वर्षं उभ्याने प्रवास केलाय. आता आडवा पडून जिंकणार.”

तक्तेवाले याला दोष म्हणतात. मी म्हणतो, त्या यंत्राचा एकमेव मोठेपणा हाच. त्याने घराकडे काही मागितलं नाही. रुंदी मागितली नाही, उंची मागितली नाही, गुडघे मागितले नाहीत. एक मनगट मागितलं, तेही सवडीने. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत २५० डॉलर होती आणि त्याच आठवड्यात आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची ५०० आणि ६००. वी दहा कोटींहून जास्त खपला, सोनी आणि मायक्रोसॉफ्टचे खोके प्रत्येकी साडेआठ कोटींच्या आगेमागे राहिले. तंत्रज्ञानात ते सरस होतेच की. पण आडवं पडून जिंकायची सोय तेव्हा दोघांकडेही नव्हती.

निन्टेन्डोची आरती ओवाळतोय असं मात्र कुणी समजू नये. निरांजनं दुसऱ्या कामाला होती. हातातून सुटलेले रिमोट टीव्हीवर आदळू लागले तेव्हा या कंपनीला २००६ च्या डिसेंबरात ३२ लाख मनगटी दोऱ्या बदलून द्यायची पाळी आली. आणि २००९ मध्ये मोशनप्लस नावाचा चौकोनी तुकडा वेगळे पैसे लावून विकायला काढला, ज्याने रिमोटला मनगटाचं वळण खरोखर कळू लागलं. म्हणजे पहिली अडीच वर्षं लोक कशाचे पैसे देत होते? अर्धी पोळी वाढायची, आणि तुपाची वाटी दाखवून उरलेली अर्धी विकायची. आमच्या शोकेसची काच फुटली ती मात्र माझ्या चुकीने. दोरी मनगटात न घालता षटकार मारायला गेलो होतो. बोलिंगमध्ये.

सोनीचं सांगतो. सोनी हा वर्गातला हुशार मुलगा. शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि वर म्हणतो मला आधीपासून येत होतं. येत होतं हेही खरं. २००३ मध्येच प्लेस्टेशन २ साठी आयटॉय नावाचा कॅमेरा त्यांनी काढला होता. समोर उभं राहून हात हलवायचे आणि पडद्यावरच्या खिडक्या पुसायच्या. पैसे मोजून खिडक्या पुसायच्या! आमच्या घरी हा गेम आला असता तर आईने काय म्हटलं असतं ते छापण्यासारखं आहे, पण तुम्ही ओळखलंच असेल.

मग वी येणार असा गवगवा झाला आणि सोनीने २००६ मध्ये घाईघाईने आपल्या नेहमीच्या कंट्रोलरात सेन्सर कोंबला. नाव सिक्सॲक्सिस. त्यासाठी कंट्रोलरची थरथर काढून टाकली. कारण दिलं की थरथर आणि हालचाल एकत्र नांदू शकत नाहीत. शेजारी वीचा रिमोट थरथरतही होता आणि हालचालही ओळखत होता. थरथरीच्या पेटंटवरून सोनीवर कोर्टात दावा चालू होता, हे सांगायला जरा अवघड गेलं असावं. २००७ मध्ये लेअर नावाचा ड्रॅगन उडवायचा गेम आला, कंट्रोलर वाकडा करून उडवायचा. परीक्षकांनी फाडून खाल्ला, तेव्हा हा गेम खेळायचा कसा याची पुस्तिका त्यांना पाठवण्यात आली. गेमला नवनीतचं गाइड लागतं म्हणजे पेपर कसा काढला असेल बघा. पुढच्या वर्षी मुकाट्याने साध्या काडीवर ड्रॅगन उडवायची सोय दिली.

२०१० च्या सप्टेंबरात आलेला मूव्ह मात्र खरोखर अचूक होता. हातात दांडा, दांड्याच्या टोकाला पिंगपाँगच्या चेंडूएवढा उजळणारा गोळा, समोर कॅमेरा. खोलीत नसेल असा रंग तो गोळा स्वतः निवडतो. गोळ्याचं खरं माप यंत्राला ठाऊक असतं. कॅमेऱ्यात तो केवढा दिसतो त्यावरून हात किती लांब आहे ते काढलं जातं. आठवीच्या भूमितीवर उभी असलेली इतकी देखणी युक्ती दुसरी नाही, आणि हे मी नाक मुरडत का होईना पण कबूल करतो.

त्या मूव्हवर २०१२ मध्ये मूव्ह स्ट्रीट क्रिकेट हा गेम आला. तो मुंबईतल्या ट्राइन गेम्सने केला होता. म्हणजे गल्ली क्रिकेट, आपल्याच शहराजवळच्या पोरांनी बनवलेलं, जपानी दांड्याने खेळायचं. मी कौतुकाने मित्राकडे खेळायला गेलो, आयरे रोडला. दांडा बॅटसारखा धरला, बॅकलिफ्ट घेतली आणि कोपर शोकेसवरच्या ताजमहालाला लागलं. सरळ बॅटने खेळायचं ठरवलं तर फॉलो-थ्रू पंख्याच्या पात्याला. आडवा फटका मारायचा तर मित्राची आजी मिडविकेटला भाजी निवडत बसलेली. अचूकता दहापैकी नऊ. मूव्हला माझी बॅट सेंटिमीटरपर्यंत कळत होती, आणि त्या सेंटिमीटरांत बॅट फिरवायला जागाच नव्हती. शेवटी मी दांडा छातीशी धरून नुसता ढकलत राहिलो. यंत्राने तेही इमानदारीने टिपलं आणि मी प्रत्येक चेंडूला क्लीन बोल्ड झालो. वी असता तर त्याने डोळा मारून चौकार दिला असता.

खाली गल्ली होतीच. तिच्यात दोन्ही बाजूंना स्कूटर होत्या आणि भिंतीवर सोसायटीचा बोर्ड: आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई. अशा बोर्डाखाली राहणाऱ्यांना गल्ली क्रिकेट डिस्कवर विकता येतं. आमच्याही सोसायटीत तसाच बोर्ड आहे. त्याच्या ठरावावर माझी सही आहे, कारण फुटलेली काच माझ्या गाडीची होती. त्यामुळे या विषयावर मला फार गळा काढता येणार नाही.

आणि आता तो तिसरा.

किनेक्ट २०१० च्या नोव्हेंबरात आला. हातात काही धरायचंच नाही, तुम्हीच कंट्रोलर, अशी जाहिरात. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख खपले. आतली करामत प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीची: खोलीभर इन्फ्रारेड ठिपक्यांची रांगोळी घालायची, ती कुठे कशी वाकते ते पाहायचं, त्यावरून माणसाचे हातपाय शोधायचे, सेकंदाला तीसदा. विज्ञान म्हणून मी टोपी काढतो. शेजारी म्हणून काढत नाही.

माझा एक मित्र डोंबिवली सोडून ठाण्याला घोडबंदर रोडच्या टॉवरात राहायला गेला. त्याच्याकडे किनेक्ट झकास चालायचा. चालणारच, त्याच्या हॉलमध्ये रिक्षा वळवता येते. सोमवारी परत द्यायच्या बोलीवर मी तो एका शनिवारी घरी आणला. एकट्या माणसाला सहा फूट मोकळी जागा लागते आणि दोघांना आठ, हे मायक्रोसॉफ्टने स्वच्छ सांगितलेलं होतं. म्हणजे पुढे जे झालं त्यात दोष यंत्राचा नाही, आमच्या भिंतीचा आहे. टीपॉय गॅलरीत गेला. सोफा भिंतीला चिकटवला आणि मी सोफ्यावर पाठ टेकून उभा राहिलो. साडेपाच फूट. टीव्हीवरच्या त्या काळ्या डोक्याने मोटरचा आवाज करत मान वर केली, खाली केली, मला न्याहाळलं. मागे सरका. मागे भिंत होती. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा ओटा होता. आणखी अर्धा फूट हवा असेल तर मला त्यांच्या कुकरमध्ये उभं राहावं लागलं असतं.

बाबांनी प्रयत्न केला, लुंगीत. लुंगीतून पाय दोन आहेत की एक हे त्या इस्रायली रांगोळीला ठरवता येईना. बसून खेळतो म्हणाले तर बसलेला माणूस त्याला धड ओळखू येत नव्हता. आमचा हॉल पश्चिमेला. चार वाजता ऊन आत आलं आणि ठिपके उन्हात बुडाले.

पडदा लावून, मला एकट्याला कसंबसं उभं करून, किनेक्ट ॲडव्हेंचर्स सुरू केला. होडीतून जायचं, अडथळा आला की उडी मारायची. तेवढ्यात आई वाळत घालायला कपड्यांची बादली घेऊन गॅलरीकडे निघाली. या गेममध्ये दुसरा माणूस समोर आला की त्याला मधूनच खेळात घेतात; अमेरिकेत ती सोय आहे. आई होडीत आली. बादली गॅलरीत ठेवून परत स्वयंपाकघरात गेली, होडीतून उतरली. चिमट्यांचा डबा विसरला होता, पुन्हा होडीत. पेपरवाला बिल मागायला आला, दार उघडायला मी सरकलो, तोही घटकाभर होडीत उभा होता. आमच्याकडे हॉल ही खोली नसते, तो रस्ता असतो. स्वयंपाकघर, बाथरूम, गॅलरी, देवघर, जिना, सगळी वाहतूक तिथून. हमरस्त्यात रांगोळी काढून ती पुसू नका म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

तिसऱ्या उडीला बेल वाजली. खालच्या काकू. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. “काय रे, वर मुसळ कांडताय का?” मी म्हटलं, काकू, होडी आहे. काकूंनी आत डोकावून पाहिलं, टीव्हीवर एकाऐवजी दोन माणसं होडीत दिसली, आणि त्या म्हणाल्या, “मग हळू वल्हवा.”

किनेक्टचा माज पुढे त्याच्याच अंगाशी आला. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनबरोबर किनेक्ट गळ्यात मारला. सुरुवातीला तर तो जोडल्याशिवाय यंत्र चालणारच नाही असं ठरलं होतं. किंमत ५०० डॉलर. सोनीने प्लेस्टेशन ४ कॅमेरा न लादता ४०० ला विकला. लोकांनी आरडाओरडा केल्यावर आधी सक्ती गेली, जून २०१४ मध्ये किनेक्टशिवायचा खोका ४०० ला आला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादनच बंद. आज एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरात वळण ओळखणारा जायरोही नसतो. कोणे एके काळी आख्खा माणूस वाचायला निघालेल्यांना आता त्याचं मनगटही नको झालंय.

या सगळ्यात सर्वांत मोठं ढोंग मात्र कंपन्यांचं नव्हतं, आपलं होतं. ‘तेवढाच पोराला व्यायाम.’ हे वाक्य मी किती हॉलमध्ये ऐकलं असेल! पोराला खाली पाठवायचं नाही, कारण खाली गाड्या आहेत आणि बोर्ड आहे. वर उड्या मारू द्यायच्या नाहीत, कारण खाली काकू आहेत. आणि व्यायाम हवा म्हणून पंधरा-वीस हजारांचं यंत्र आणायचं. पोरं हुशार. आठवड्याभरात ती आमच्या बाबांच्या वाटेने गेली, म्हणजे आडवी झाली.

वी अजून माळ्यावर आहे, ट्रान्सफॉर्मरसकट. मूव्हचे दांडे २०१६ मध्ये सोनीने डोळ्यांवर बांधायच्या व्हीआर खोक्यासाठी पुन्हा बाहेर काढले; म्हणजे आता शोकेस दिसतसुद्धा नाही आणि कोपर तर फिरवायचं आहेच. प्राइमसेन्स ॲपलने २०१३ मध्ये विकत घेतली, आणि २०१७ च्या आयफोन टेनपासून किनेक्टसारखीच ठिपक्यांची रांगोळी माणसाच्या तोंडावर पडू लागली. तिला सहा फूट लागत नाहीत. हातभर पुरतं.

परवा संध्याकाळी ठाण्याहून कल्याण लोकल पकडली. चौथ्या सीटवर एक कॉलेजचा मुलगा, अर्धा सीटवर अर्धा हवेत, बॅग मांडीवर, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली. बीजीएमआय हा फोनवरचा बंदुकीचा गेम खेळत होता. जायरो चालू ठेवून. नेम धरायला बोट सरकवत नव्हता. आख्खा फोन चिमूटभर डावीकडे, चिमूटभर वर, चष्म्याची काडी सारखी करावी तसा वळवत होता. मी त्याच्या डोक्यावरून बघत उभा होतो. माझे हात वरच्या कड्यांना अडकलेले, आणि माझी तरी काय, डब्यात कुणाचीच हलायची टाप नव्हती. पडद्यावरच्या घराच्या खिडकीत कुणीतरी होतं. त्याने श्वास रोखला, फोन केसभर वळवला, आणि कळवा सुटल्यावर गाडीने रूळ बदलताना जो हिसका बसतो तो बसला. नेम आभाळात गेला. त्याने मोटरमनला उद्देशून एक शब्द उच्चारला. तिसऱ्या सीटवरच्या गृहस्थांना तो आपल्यालाच वाटला. त्यांनी मान न वळवता, पेपर न खाली घेता, दोन बोटं जागा करून दिली.